फ्रीबोअर म्हणजे अख्खा थ्रोट नव्हे

नेमबाजीचे वेड असलेल्या कोल्हापुरात रायफलीवर गप्पा रंगल्या की एक जुना समज हमखास ऐकू येतो : चेंबर रीमरच्या (नळीत काडतुसाची जागा, म्हणजे चेंबर, कोरणाऱ्या हत्याराच्या) ड्रॉइंगवर फ्रीबोअरची जी लांबी दिलेली असते, ती संपते तिथेच गोळी रायफलिंगला, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार कंगोऱ्यांना, टेकते. हे खरे नाही. फ्रीबोअर हा चेंबरच्या मानेपुढचा, रायफलिंग नसलेला सरळ नळीसारखा भाग असून त्यापुढे रायफलिंगची उंची हळूहळू वाढवणारा उतार, म्हणजे लीड, सुरू होतो. या दोहोंना मिळून थ्रोट म्हणतात.

फ्रीबोअरचा व्यास ७.८४ मिमी, बोअरचा (कंगोऱ्यांच्या माथ्यांमधला नळीचा व्यास) ७.६२ मिमी आणि उताराचा एका बाजूचा कोन दीड अंश धरला, तर एकट्या उताराची लांबी सुमारे ४.२ मिमी भरते. शिवाजी उद्यमनगर या इथल्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही टर्नर हे हिशेबाच्या वहीत दोन ओळींत काढून दाखवेल. मात्र ड्रॉइंगवरचा कोन बहुधा असा एका बाजूचा, म्हणजे नळीच्या मध्यरेषेपासून मोजलेला, असतो, आणि तोच पूर्ण कोन समजला की उत्तर थेट दुप्पट होते.

शिवाय गोळीच्या नाकाचे वळणही महत्त्वाचे असते. काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवली, तरी बोथट नाकाची गोळी निमुळत्या गोळीच्या आधी उताराला टेकते.