‘ब्रुकलिन नाईन-नाईन’ला मिळालेले आणि हुकलेले पुरस्कार: पार्श्वभूमी

अमेरिकी टीव्हीवरच्या पोलिसी विनोदाला मोठे पुरस्कार मिळवून दिले ते ‘बार्नी मिलर’ने. १९७५ ते १९८२ अशी चाललेली ही मालिका सर्वोत्तम विनोदी मालिकेच्या एमी या टीव्ही पुरस्कारासाठी १९७६ पासून सलग सात वेळा नामांकनात होती. पुरस्कार हाती आला तो १९८२ च्या सप्टेंबरात, म्हणजे शेवटचा भाग दाखवून झाल्यावर. कॅप्टनची भूमिका करणाऱ्या अभिनेत्यालाही सात नामांकने मिळाली, एमी एकदाही नाही. त्याच वर्षी ‘पोलिस स्क्वॉड!’ सहा भागांत गुंडाळली गेली, तरी तिला अभिनय आणि लेखनाची नामांकने होती. पुढे ‘मंक’च्या नायकाने २००३, २००५ आणि २००६ असे तीन एमी घेतले, पण ती मालिका एका माणसाभोवती फिरणारी होती, पोलिस ठाण्यातल्या अख्ख्या चमूची नव्हे.

न्यूयॉर्कमधल्या एका पोलिस ठाण्याच्या चमूवरची विनोदी मालिका ‘ब्रुकलिन नाईन-नाईन’ सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली आणि १२ जानेवारी २०१४ रोजी तिने दोन गोल्डन ग्लोब पुरस्कार जिंकले: सर्वोत्तम विनोदी मालिका आणि विनोदी मालिकेतला मुख्य अभिनेता. तोवर पहिल्या सीझनच्या २२ भागांपैकी जेमतेम निम्मे दाखवले गेले होते. ‘या पुरस्काराने मालिका वाचवली’ असे अनेकदा लिहिले जाते, ते तारखांशी जुळत नाही. वाहिनीने पूर्ण २२ भागांची मागणी ऑक्टोबर २०१३ मध्येच नोंदवली होती.

ग्लोबचा निर्णय तेव्हाही वादाचा ठरला आणि आजही ठरतो. स्पर्धेत ‘मॉडर्न फॅमिली’, ‘द बिग बँग थिअरी’, ‘गर्ल्स’ आणि ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ होत्या. मात्र ग्लोबची पात्रता कॅलेंडर वर्षावर मोजली जाते, त्यामुळे शरद ऋतूत सुरू झालेली मालिका तीन-चार महिन्यांच्या आत थेट मतदानात उतरते. त्या काळी मतदार होते शंभराहूनही कमी, तेही परदेशी माध्यमांसाठी लिहिणारे पत्रकार. एवढ्या लहान गटाला एखादी नवी मालिका पटली, तर निकाल पटकन फिरतो. एमीचा हिशेब १ जून ते ३१ मेचा आणि मतदार हजारोंनी. इतक्या मोठ्या मतदारवर्गात आधीच्या वर्षीचीच नावे पुन्हा वर येण्याकडे कल असतो. ‘मॉडर्न फॅमिली’ने २०१० ते २०१४ सलग पाच वेळा विनोदी मालिकेचा एमी जिंकला, त्यानंतर ‘वीप’ने तीन वेळा.

खरा गुंता ‘साहाय्यक अभिनेता’ या गटाचा आहे, आणि मालिकेचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन होल्ट याची भूमिका हा मालिकेचा कणा. चेहरा न हलवता, आवाजाची पट्टी न बदलता उभा केलेला विनोद ही दुर्मिळ कारागिरी आहे. पण ग्लोबमध्ये तेव्हा साहाय्यक भूमिकांसाठी विनोदी, गंभीर, लघुमालिका आणि टीव्हीपट यांचा मिळून एकच गट होता. जानेवारी २०१४ मध्ये त्या गटातल्या पाच नामांकनांत एकही विनोदी मालिका नव्हती. म्हणजे ज्या रात्री मालिकेला सर्वोच्च मान मिळाला, त्या रात्री कॅप्टन नामांकनातही नव्हता.

एमीत विनोदी मालिकांतल्या साहाय्यक अभिनेत्यांचा गट वेगळा आहे. तिथे होल्टला २०१४, २०१५, २०१६ आणि २०२० अशी चार नामांकने मिळाली. चारही वेळा पुरस्कार दुसरीकडे गेला. एमीत अभिनेत्याला नामांकनानंतर एकच भाग परीक्षणासाठी पाठवता येतो. होल्टचा विनोद भागागणिक साचत जातो, तो एका भागात पुरता दिसत नाही. अशा भूमिकेला ही पद्धत मारक आहे. होल्टची भूमिका करणाऱ्या याच अभिनेत्याला १९९८ साली बाल्टिमोरच्या खून-तपास पथकावरच्या गंभीर मालिकेसाठी मुख्य अभिनेत्याचा एमी मिळाला होता. समीक्षकांच्या पुरस्कारांत मात्र होल्टचा दोनदा गौरव झाला, २०१४ आणि २०१६ मध्ये.

आठ सीझन आणि १५३ भागांत सर्वोत्तम विनोदी मालिकेचे एमी नामांकन एकदाही आले नाही. ग्लोब जिंकलेल्या नायकालाही या भूमिकेसाठी एमीचे नामांकन मिळाले नाही. पदरात पडलेले दोन्ही एमी, २०१४ आणि २०१५ चे, स्टंट को-ऑर्डिनेशनचे. ते क्षुल्लक समजू नयेत. पाठलाग, पडझड, टेबलावरून घसरणे, हे सगळे हसू येईल इतक्या अचूक वेळेत आणि कुणाला इजा न होता बसवावे लागते. तरी यादी पाहून ही मारधाडीची मालिका असावी असा समज होतो, तो चुकीचा.

मे २०१८ मध्ये मूळ वाहिनीने मालिका बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या वाहिनीने ती उचलली. त्याच वर्षी एलजीबीटी व्यक्तींच्या चित्रणासाठी दिला जाणारा विनोदी मालिकेचा पुरस्कारही तिला मिळाला. होल्टचे शेवटचे एमी नामांकन जुलै २०२० मधले. तेव्हा पोलिसी अत्याचारांवरून अमेरिका पेटलेली होती. आठव्या सीझनचे तयार चार भाग लेखकांनी रद्द करून नव्याने लिहायला घेतले. अखेरचे दहा भाग ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये दाखवले गेले, त्यामुळे ते २०२२ च्या एमीत मोजले गेले. नामांकनांचे मतदान जूनमध्ये झाले, तेव्हा मालिका संपून नऊ महिने उलटले होते.