लंबक, सायकल की नुसत्या गप्पा? संमोहनाची पद्धत कशी निवडावी

मिरजेत उपचारांसाठी येणाऱ्या माणसांचा ओघ शंभर वर्षांहून जुना आहे. वॉनलेस डॉक्टरांच्या मिशन हॉस्पिटलपासून चालत आलेल्या या परंपरेमुळे सांगली-मिरजेच्या घराघरांत भूल, टाके, एमआरआय हे शब्द सरावाचे झालेत. संमोहनाचं तसं नाही. दाढ काढायची धास्ती, सुईची भीती किंवा जुनी पोटाची तक्रार यासाठी कुणी संमोहनाचा विचार करू लागलं, की पहिला प्रश्न पद्धतीचाच येतो. लंबक दाखवतात का? झटक्यात झोपवतात का? यातली भारी पद्धत कोणती?

विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला त्याच वर्षी, म्हणजे १८४३ साली, मँचेस्टरचे सर्जन जेम्स ब्रेड यांचं संमोहनावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांची रीत साधी होती. एखादी चकचकीत वस्तू डोळ्यांपासून ८ ते १५ इंचांवर, कपाळाच्या किंचित वर धरायची आणि नजर तिच्यावर खिळवायला सांगायची. तसं वर बघत राहिलं की कुणाच्याही पापण्या जड होतात. नेमक्या त्या क्षणी ‘पापण्या जड होताहेत’ असं कानावर पडलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सांगितलेलं खरंच घडतंय. पुढच्या सूचनेवर त्याचा विश्वास वाढतो. संमोहनात नेण्याच्या बहुतेक पद्धतींचं मर्म यात आहे. शरीरात आपसूक होणाऱ्या गोष्टीला सूचना जोडायची आणि तिथून पायरी पायरीने पुढे जायचं.

बाकीच्या वाटा याच मर्माच्या आहेत. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू सैल सोडत जाणं ही सगळ्यांत प्रचलित. अमेरिकेत डेव्ह एलमन यांनी डॉक्टर आणि दंतवैद्यांना झटपट पद्धत शिकवली. तीत डोळे पुन्हा पुन्हा उघडायचे-मिटायचे आणि उलटे अंक मोजता मोजता ते मनातून घालवून द्यायचे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांची तऱ्हा आडवळणाची. ते गोष्टी सांगत, गप्पा मारत आणि आज्ञा करण्याऐवजी ‘हात हलका वाटेल, कदाचित जडही वाटेल’ अशी मोकळीक ठेवत.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो १९७६ चा प्रयोग. एवा बान्याई आणि अर्नेस्ट हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना जागेवरच्या सायकलवर बसवलं. डोळे उघडे, पायांवर ताण, आणि सूचना ताजेपणाच्या, सावधपणाच्या. तरीही या मंडळींनी पुढच्या सूचनांना जवळपास तितकाच प्रतिसाद दिला, जितका आरामात पहुडलेल्यांनी दिला. संमोहन म्हणजे झोप ही समजूत इथेच मोडते. एका जागी स्वस्थ बसवत नाही अशा माणसाला बळेच खुर्चीत रेलवून ‘सैल व्हा’ म्हणत राहण्याचं कारणही उरत नाही.

मग फरक कशाने पडतो? मुख्यतः माणसागणिक असलेल्या क्षमतेने. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही क्षमता मोजायची १२ कसोट्यांची मोजपट्टी तयार झाली. ‘हात जड होतोय’, ‘कानाशी डास गुणगुणतोय’ अशा सूचना देऊन प्रतिसाद नोंदवायचा. साधारण १० ते १५ टक्के लोक फार चटकन प्रतिसाद देतात, जवळपास तेवढेच जेमतेम देतात, उरलेले मधले. पन्नास जणांना २५ वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा जुन्या-नव्या गुणांचा सहसंबंध ०.७१ निघाला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). इतकी ही क्षमता टिकाऊ आहे. पद्धत बदलून तीत पडणारी भर माफकच असते. अपेक्षेचा वाटा मात्र मोठा आहे. २००५ च्या एका अभ्यासात संमोहनात नेण्याची तीच कृती ‘संमोहन’ म्हणून सांगितली तेव्हा प्रतिसाद वाढला, ‘विश्रांती’ म्हणून सांगितली तेव्हा तेवढा वाढला नाही.

रंगमंचावर चुटकीसरशी लोकांना ‘झोपवणारा’ जादूगार आधी प्रेक्षकांतून पटकन प्रतिसाद देणारे हेरतो. त्याची चुटकी दवाखान्यात प्रत्येकावर चालेल असं समजू नये.

म्हणून पद्धत निवडताना समोरचा माणूस बघावा लागतो. डोळे कोरडे पडत असतील, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर नजर खिळवणं त्रासाचं. दम्याच्या रुग्णाचं लक्ष श्वासावर नेलं तर धास्ती वाढू शकते. कंबरदुखीवाल्याला अंगाचा एकेक भाग न्याहाळायला लावलं तर दुखणंच आधी समोर येतं, तिथे गोष्ट किंवा कल्पनाचित्र बरं. दंतवैद्याच्या खुर्चीत वेळ थोडा, तिथे झटपट पद्धत सोयीची. कुणाला हुकूम आवडत नाही, कुणाला स्पष्ट सूचनेशिवाय आधार वाटत नाही.

कल्पनाचित्रांबाबत आपल्या भागापुरतं एक सांगायलाच हवं. ध्वनिफितींमध्ये ‘तुम्ही पाण्याच्या काठी आहात, एकेक पायरी खाली उतरताय’ हे हमखास असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. ज्यांनी ते पाणी घरात शिरताना पाहिलं, त्यांना ही पायरी शांत करणारी नाही. आधी विचारलं, तर तीच माणसं द्राक्षाच्या मांडवाखालची सावली किंवा गावदेवाच्या पाराची जागा स्वतःहून सुचवतील.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. संमोहनात आठवणींबद्दलची खात्री वाढते, अचूकता वाढेलच असं नाही. खोट्या आठवणीही खऱ्या वाटू लागतात. ‘मागच्या जन्मात नेतो’ म्हणणाऱ्याकडे कोणतीही पद्धत असो, जाऊ नये. भास होत असतील, किंवा दुखण्याचं निदानच झालेलं नसेल, तर आधी डॉक्टर गाठावा, आणि चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

पहिल्या भेटीत तज्ज्ञाला तीन गोष्टी विचाराव्यात: तुमचं मूळ वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय शिक्षण काय, माझ्या तक्रारीवर संमोहनाशिवाय दुसरे कोणते उपचार आहेत, आणि ही पद्धत मला जमली नाही तर तुम्ही काय बदलाल?