लशीची सुई, दुखावलेला खांदा आणि भरपाईचा दावा

फ्लूची लस घेतल्यावर दंड दुखतो आणि दोन-तीन दिवसांत बरा होतो, हा बहुतेकांचा अनुभव आहे. क्वचित मात्र त्याच रात्री खांद्याच्या आत ठणका सुरू होतो, हात डोक्यापर्यंत नेता येत नाही, त्या कुशीवर झोपवत नाही आणि दुखणे महिनोन्महिने रेंगाळते. अमेरिकेत ही दुखापत ‘सिर्व्हा’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्यासाठी सरकारी निधीतून भरपाई मिळते.

यात दोष बहुधा लशीचा नसून सुई कोठे शिरली याचा असतो. खांद्यावरून दंडाकडे उतरणाऱ्या डेल्टॉइड स्नायूखाली बर्सा ही पातळ, द्रवयुक्त पिशवी असते आणि ती खांद्याच्या हाडाच्या टोकापासून काही सेंटिमीटर खालपर्यंत पसरलेली असते. म्हणूनच सुई या टोकाच्या दोन-तीन बोटे खाली टोचण्याची शिकवण आहे. बाही पुरती वर न सारता गळ्याकडून कपडा ओढून खांद्याचा वरचाच भाग उघडा केला, तर सुई हमखास वर लागते. लशीतील प्रतिजन (प्रतिकारशक्तीला जागा करणारा घटक) बर्सात उतरले आणि शरीरात पूर्वीची प्रतिपिंडे तयार असली, की तेथे चिवट दाह पेटतो, असे मानले जाते. 2010 साली तज्ज्ञांनी भरपाईचे असे 13 दावे तपासले, तेव्हा बहुतेकांची वेदना पहिल्या 24 तासांतच सुरू झालेली आढळली. हा धोका अगदी लहान आहे: 2016-17 च्या हंगामातील एका मोठ्या अभ्यासात फ्लूची लस घेणाऱ्या 10 लाख लोकांमागे बर्सादाहाचे सुमारे 8 जादा रुग्ण आढळले.

भरपाईची व्यवस्था 1986 च्या कायद्याने आली. लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते तितक्या रोगांमागे 75 सेंट कर आकारला जातो आणि त्यातून हा निधी उभा राहतो. 2017 साली खांद्याची दुखापत अधिकृत तक्त्यात, म्हणजे लशीमुळे झाल्या असे गृहीत धरल्या जाणाऱ्या दुखापतींच्या सरकारी यादीत आली. तेव्हापासून खांदा आधी निरोगी होता, वेदना 48 तासांच्या आत सुरू झाली, ती त्याच खांद्यापुरती राहिली आणि तिचे दुसरे कारण दिसत नाही, एवढे दाखवले की कार्यकारणभाव गृहीत धरला जातो. त्रास 6 महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. लक्षण सुरू झाल्यापासून 3 वर्षांत अर्ज करणे बंधनकारक आहे.

वाद बहुतेक वेळा त्या 48 तासांवरच अडतो. आपोआप बरे होईल म्हणून रुग्ण दीड-दोन महिने थांबतो आणि डॉक्टरांच्या टिपणात ‘काही आठवड्यांपासून खांदेदुखी’ एवढेच उतरते; मग सरकारी वकील नेमके त्यावर बोट ठेवतात. उलट फिजिओथेरपिस्टने हात बाजूने किती अंशांपर्यंत उचलला जातो हे दर भेटीत मोजून ठेवले असेल, तर ती रुक्ष आकडेवारी कोणत्याही वर्णनापेक्षा वजनदार ठरते.

सरकारने दावा मान्य केला, तर रक्कम बहुधा वाटाघाटीने ठरते. कधी सरकार हानीचे कारण अमान्य ठेवूनही तडजोड करते. एकमत झाले नाही, तर ‘स्पेशल मास्टर’ हा न्यायिक अधिकारी आधीच्या निकालांशी तुलना करून आकडा ठरवतो. वेदनेपोटी कमाल मर्यादा 2,50,000 डॉलर आहे, बुडालेले उत्पन्न आणि पदरचा उपचारखर्च वेगळा. वकिलाची फीही रुग्णाच्या रकमेतून कापली जात नाही, ती निधीतून दिली जाते. माझ्या मते या व्यवस्थेतील हा सर्वांत शहाणा भाग आहे.

चूक टोचण्याची आहे, लशीची नाही, या युक्तिवादावर जानेवारी 2021 मध्ये ही दुखापत तक्त्यातून काढण्याचा नियम जाहीर झाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला. कोविडच्या लशीने झालेली हीच दुखापत मात्र वेगळ्या योजनेखाली येते. तेथे लस घेतल्यापासून 1 वर्षात अर्ज करावा लागतो आणि वेदनेची भरपाई किंवा वकिलाची फी मिळत नाही.