वाळूच्या टेकड्यांखालचं पाणी

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात चेरी काउंटी आहे, आकाराने जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली माणसं भरली साडेपाच हजाराच्या आत. बाकी सगळं गवत आणि गाई. ही काउंटी ज्या मोठ्या भागात येते त्याला सँडहिल्स म्हणतात, सुमारे ५०,००० चौरस किमी पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, काही तर १०० मीटरहून उंच, आणि वरून हिरव्यागार दिसतात म्हणून पटत नाही की खाली नुसती वाळू आहे.

१९०४ च्या कायद्याने इथे एकेका कुटुंबाला ६४० एकर जमीन दिली, लोकांनी नांगर घातला आणि वाळू उडायला लागली, मग बरेच जण जमीन विकून गेले आणि रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, उरले. ही जमीन गाईंचीच आहे, नांगराची नाही, असं मला ठाम वाटतं.

पाण्याची गोष्ट तर फारच भारी आहे. पाऊस पडला की वाहतच नाही, वाळू पिऊन टाकते, त्यामुळे ओढे-नाले फार कमी. ते पाणी खाली ओगालाला नावाच्या प्रचंड भूजलसाठ्यात जातं आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी परत वर येतं, कुठे तळं होतं, कुठे ओलं कुरण, तिथलंच गवत कापून वाळवून हिवाळ्यात गुरांना घालतात. उंचावरच्या चराईसाठी पवनचक्की पाणी उपसते आणि पत्र्याच्या गोल टाकीत सोडते.

इथली डिस्मल नदी अशीच भूजलावर चालते, म्हणून ती दुष्काळात आटत नाही आणि पावसाळ्यात फार फुगतही नाही. तिच्या पात्रात एका झऱ्याची वाळू भात रटरटावा तशी सतत उकळत असते, पण पाणी गार असतं, खालच्या दाबाने वर येणारं पाणी वाळूचे कण नुसते घुसळत राहतं.

वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं हे लॅबमध्ये मोजता येतं, आणि त्यावरून कळलं की साधारण ८०० ते १००० वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला, गवत मेलं आणि या टेकड्या चक्क चालायला लागल्या होत्या. आजही टाकीभोवती गुरांनी जमीन तुडवली की वारा तिथे खड्डा पाडतो. रँचवाले मग जुने टायर आणून त्यात टाकतात, वाळू थांबली की कडेने गवत हळूहळू आत सरकतं.