वायर निघाली, तरी सूर थांबेना

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत एका ऑर्केस्ट्राची तालीम ऐकत बसलो होतो. कीबोर्डवाल्या दादांनी व्हायोलिनचा एक सूर धरून ठेवलेला, तेवढ्यात कुणाच्या तरी पायात अडकून मागची वायर निघाली. दादांनी बोट उचललं, तरी सूर चालूच! शेवटी शेजारच्या साउंड मॉड्यूलचं बटण बंद केलं तेव्हा तो थांबला. ऑक्टोपॅडवरच्या पोरानं विचारलं, "आरं, वायर निघाली तरी वाजतंय कसं?"

कारण ती मिडीची, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेची वायर होती, आणि तिच्यातून आवाज जातच नाही. जातो तो निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानं दाबली, आता सोडली. आवाज काढायचं काम पलीकडच्या यंत्राचं. पट्टी दाबल्याचा निरोप पोचला होता, सोडल्याचा वाटेतच राहिला. (काही वाद्यं दर 300 मिलिसेकंदांच्या आत 'मी आहे' असा इशारा पाठवत राहतात. तो बंद झाला की पलीकडचं वाद्य आपणहून गप्प बसतं. या जोडीत ती सोय नव्हती.)

पट्टीचा असा निरोप तीन आकड्यांचा असतो. पहिल्यात काय घडलं आणि 16 पैकी कोणत्या चॅनेलवर (म्हणजे निरोपांच्या कोणत्या वाटेवर), दुसऱ्यात पट्टीचा क्रमांक, 0 ते 127, तिसऱ्यात जोर. पेटीवाले जिला पांढरी एक म्हणतात, तिचा मधल्या सप्तकातला क्रमांक 60. वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे एका निरोपाला जेमतेम एक मिलिसेकंद. कानाला तेवढा उशीर कळत नाही.

जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर पहिल्यांदा असे जोडून दाखवले गेले. त्या कंपन्यांचे संस्थापक डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात दिसणारा ऑक्टोपॅडही याच घरातला. 1985 च्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. तो नुसते निरोप पाठवायचा.

मला सगळ्यात आवडते ती वायरीच्या टोकाची युक्ती. निरोप आत येताना विजेचा प्रकाश होतो आणि प्रकाशाची पुन्हा वीज. मधे तारेचा सांधाच नाही, त्यामुळे एका यंत्राची घरघर या वाटेनं दुसऱ्यात शिरत नाही. मांडवातल्या विजेवर वाजवणाऱ्यांना याची किंमत ठाऊक आहे.

पण ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गायले, तिथल्या कानाला एक गोष्ट टोचतेच. मिडीची रचना पट्ट्या मोजणारी आहे. दोन पट्ट्यांमधल्या श्रुतींना क्रमांकच नाही. मींड घ्यायची तर पिच बेंडचं, म्हणजे सूर वाकवायचं, चाक फिरवायचं. त्याला 16,384 पायऱ्या असतात, त्यामुळे घसरण गुळगुळीत येते. अडचण वेगळीच: तो बाक एका सुराला नव्हे, अख्ख्या चॅनेलला लागतो. खाली षड्ज धरून वर गंधाराची मींड घेतली, तर षड्जही सोबत घसरतो. प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल देण्याची पद्धत 2018 मध्ये मान्य झाली, आणि 2020 च्या मिडी 2.0 मध्ये एकेका सुराला स्वतःचा बाक मिळाला. पेठेतल्या वाद्यांत मात्र अजून जुनीच भाषा चालते, म्हणून दादा मींडेच्या जागी उजव्या हाताचं एकच बोट ठेवतात, डावा हात चाकावर, आणि षड्ज दुसऱ्या चॅनेलवर सोडून देतात.