जास्त जिओफोन म्हणजे स्वच्छ सिग्नल? एक खुलासा

भूकंपीय सर्वेक्षणात (जमिनीत कंपने सोडून, परावर्तित लहरींवरून खालचे थर शोधण्याच्या पद्धतीत) एका चॅनेलला, म्हणजे अनेक सेन्सरांची बेरीज एकच नोंद म्हणून साठवणाऱ्या वाहिनीला, जितके जास्त जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारे सेन्सर) जोडावेत तितका सिग्नल स्वच्छ मिळतो, हा समज वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. विस्कळीत गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल सेन्सरांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, पण त्यासाठी खालून परावर्तित होणारी लहर गटातील सर्व सेन्सरांपाशी एकाच क्षणी पोहोचावी लागते.

मुंबईत हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीत बेसाल्टवरील भरावाची आणि गाळाची जाडी थोड्याशा अंतरात बदलते. समजा, एका जिओफोनखाली शेजारच्यापेक्षा 4 मीटर अधिक सुटा, कोरडा भराव आहे आणि त्यात लहरीचा वेग सेकंदाला 400 मीटर, तर खडकात 5,000 मीटर आहे. अशा वेळी लहर तेथे सुमारे 9 मिलिसेकंद उशिरा पोहोचते. 50 हर्ट्झला अर्धे आवर्तनच 10 मिलिसेकंदांचे असल्याने दोन्ही नोंदींची बेरीज होताच त्या जवळजवळ एकमेकींना रद्द करतात. 10 हर्ट्झला मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणजे बारीक थर दाखवणारा भागच हरवतो, आणि उरलेली गुळगुळीत नोंद पाहून काम उत्तम झाल्याचा भास होतो.

नंतरची स्थिर दुरुस्ती (वरच्या थरामुळे झालेला उशीर काढण्यासाठी नोंद वेळेत सरकवणे) संपूर्ण नोंदीला एकच सरक देते, त्यामुळे बेरजेत गेलेले परत येत नाही. म्हणून अशा जमिनीवर गट आखूड ठेवावा, किंवा प्रत्येक सेन्सर स्वतंत्र नोंदवून आधी दुरुस्ती व मग बेरीज करावी. 1974 मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायचा दाखला येथे गैरलागू आहे, कारण समुद्रात हायड्रोफोन (पाण्यातील लहरी टिपणारे सेन्सर) जवळपास एकसारख्या पाण्यात असतात.