सेशन बेसवादन

सेशन बेसवादन म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणात किंवा कार्यक्रमात ठरलेले मानधन घेऊन बेस गिटार वाजवण्याचा व्यवसाय. असा वादक कोणत्याही एका बँडचा नसतो. सकाळी जाहिरातीची तीस सेकंदांची धून, दुपारी एखाद्या नव्या गायिकेची दोन गाणी आणि रात्री नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात कुणाची तरी बदली, असा एकाच माणसाचा एकच दिवस असू शकतो. गाणे त्याचे नसते, नाव बहुधा दुसऱ्याचे होते. तरीही गाण्याचा खर्ज कसा असावा हे पुष्कळदा तोच ठरवतो. या व्यवसायातला मुख्य पेच इथेच आहे. वादकाला पैसे वाजवण्याचे मिळतात, पण त्याच्याकडून अपेक्षा रचनेची असते.

पूर्वपीठिका. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस हे बेस गिटार बाजारात आणले, त्याआधी स्टुडिओतला खर्ज डबल बेस या मोठ्या, उभ्या वाद्यावर अवलंबून होता. ते वाद्य अवजड, आवाजाने मवाळ आणि बिनपडद्याचे असल्याने सुराला चोख ठेवणे कठीण. नव्या वाद्याच्या दांडीवर पडदे आले आणि गिटारवादकांनाही हा प्रांत खुला झाला. लॉस एंजेलिसमधील कॅरोल के मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला ठरलेला बेसवादक आला नाही म्हणून त्यांच्या हाती बेस देण्यात आला आणि पुढे तेच त्यांचे मुख्य वाद्य झाले. कॅरोल के बोटांनी न वाजवता प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने वाजवत, त्यामुळे प्रत्येक सुराला स्पष्ट कड येई.

नॅशव्हिल या अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या शहरात काही काळ दोन्ही वाद्ये एकत्र नांदली. डबल बेस जे वाजवेल तेच सहा तारांच्या बेसवर, तळहाताने तारांची आस दाबत, प्लेक्ट्रमने वाजवायचे. या पद्धतीला ‘टिक-टॅक’ म्हणत. डबल बेसची खोली छोट्या रेडिओतून ऐकू येत नसे, म्हणून सुराचा आघात दुसऱ्या वाद्याकडून घेतला जाई. ही अडचण आजही आहे. बेसच्या चौथ्या तारेचा मोकळा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, तर पाच तारांच्या वाद्यावरची सर्वांत जाड तार जवळपास ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. फोनच्या स्पीकरमधून यातले मूळ सूर बाहेरच पडत नाहीत, ऐकू येतात ते त्यांचे वरचे स्वरांश. म्हणून कोणत्या तारा लावायच्या आणि तार कुठे छेडायची हा आवडीनिवडीपेक्षा कामाचा प्रश्न ठरतो.

१९६० च्या दशकात डेट्रॉइट, मेम्फिस, मसल शोल्स, लॉस एंजेलिस आणि लंडन इथे सेशन वादकांचे कायमचे गट जमले. डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीतले बेसवादक जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) यांचे नाव यात सर्वांत आधी घेतले जाते. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने, जुन्या गुळगुळीत तारांवर वाजवलेल्या त्यांच्या ओळी गाण्याच्या चालीला समांतर चालणारी दुसरी चालच असत. श्रोत्यांना मात्र त्यांचे नाव माहीत नव्हते, कारण मोटाउनच्या बहुतेक तबकड्यांवर वादकांचा उल्लेख नसे. तो ठळकपणे झाला १९७१ साली, गायक मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदारांसाठी वेगळा विभाग सुरू केला तो २००० मध्ये, आणि पहिल्याच तुकडीत जेमरसन होते. तोवर त्यांच्या मृत्यूला सतरा वर्षे झाली होती.

कामाचे स्वरूप. चित्रपट, नाटक आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या कामात संयोजक (कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते ठरवणारा) बेसची ओळ पूर्ण लिहून देतो. ती पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या खर्जाच्या संकेतात (बेस क्लेफ) आणि प्रत्यक्ष ऐकू येते त्यापेक्षा एक सप्तक वर लिहिलेली असते. कागद समोर आल्यावर पहिल्याच फेरीत ती बिनचूक वाजवता आली पाहिजे. गाण्यांच्या रेकॉर्डिंगला मात्र बहुधा केवळ कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या नावांचा कागद मिळतो. नॅशव्हिलमध्ये त्यासाठी अंकांची पद्धत आहे. ती नील मॅथ्यूज धाकटे यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गायकवृंदासाठी वापरली आणि चार्ली मॅकॉय यांनी वाद्यांसाठी पुढे नेली. षड्ज १, पंचम ५ असे मांडले की गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. सारेगम जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

कॉर्डचा कागद म्हणजे बेसवादकासाठी जवळजवळ कोरा कागद. सी मेजर कॉर्डखाली त्याने तिचा मूळ सूर सी न वाजवता ई वाजवला, तर गिटार आणि पियानो तेच वाजवत राहतात आणि कॉर्डचा अर्थ मात्र पालटतो. इतर कोणत्याही वादकाला हे इतक्या सहज साधत नाही. दुसरा निर्णय सुराच्या लांबीचा. सूर कधी सुरू होतो याकडे नवशिक्या लक्ष देतो, अनुभवी वादक तो कधी थांबतो याकडे. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या ठोक्यावर सूर तोडला तर लय उड्या मारते, पुढे ताणला तर जडावते. तिसरा निर्णय बेस ड्रमच्या ठोक्याशी नेमके कुठे बसायचे याचा: बरोबर, किंचित मागे की किंचित पुढे. हे अंतर काही मिलिसेकंदांचे असते. निर्माता ते आकड्यांत सांगत नाही. ‘जरा आळसावलेले हवे’ असे म्हणतो आणि वादकाने त्यातून अर्थ काढायचा असतो.

हे सारे गाणे पहिल्यांदा ऐकल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत ठरवायचे असते. दोन कडव्यांमधली मोकळी जागा पाहून तिथे करामत दाखवण्याचा मोह मोठा असतो. ती जागा गायकाच्या श्वासासाठी राखलेली असते हे ज्याला कळते, त्याला पुन्हा बोलावणे येते.

वाद्यांचा संच फार मोठा लागत नाही. प्रिसिजन धाटणीचा बेस गुळगुळीत तारांसह, जॅझ बेस धाटणीचा एक खरखरीत तारांसह आणि पाच तारांचा एक, इतक्यात बहुतेक कामे निभतात. बिनपडद्याचा बेस किंवा डबल बेस येत असेल तर कामाचे क्षेत्र रुंदावते. तारा जिथे वाद्याच्या अंगावर टेकतात त्या ब्रिजजवळ, तारांखाली सरकवायचा फोमचा तुकडा स्वस्त आहे आणि महागड्या पेडलपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो.

मानधन आणि हक्क. संघटित क्षेत्रात मानधनाचे एकक तीन तासांचे सत्र आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेच्या करारांत अशा सत्राचा किमान दर, त्यात मुद्रित करता येणाऱ्या संगीताची मर्यादा आणि गटप्रमुखाला दुप्पट मोबदला या गोष्टी ठरलेल्या असतात. एकापेक्षा जास्त वाद्ये वाजवली तर जादा पैसे मिळण्याची प्रथाही जुनी आहे. गायक लू रीड यांच्या १९७२ मधील ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ या गाण्यासाठी लंडनच्या हर्बी फ्लॉवर्स यांनी आधी डबल बेस मुद्रित केला आणि त्यावर इलेक्ट्रिक बेसचा दुसरा थर चढवला. दोन वाद्यांचे दुप्पट मानधन मिळावे हा आपला हेतू होता, असे ते स्वतःच मिश्कीलपणे सांगत. त्या दोन ओळींचा घसरता, गुंफलेला आवाज हीच त्या गाण्याची ओळख झाली. गीतकार म्हणून वाटा अर्थातच त्यांना नव्हता.

कायद्याचा आणि रूढीचा कल असा की गीत व चाल ही रचना, आणि बेसची ओळ हा तिच्या संयोजनाचा भाग. त्यामुळे वादकाकडे उरतात ते कलाकार म्हणून मिळणारे शेजारहक्क, म्हणजे रचनेवरचे नव्हे तर आपल्या वादनाच्या मुद्रणावरचे हक्क. त्यांचा आंतरराष्ट्रीय पाया १९६१ च्या रोम कराराने घातला. अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या वैधानिक स्वामित्वशुल्कातील ५ टक्के रक्कम मुख्य कलाकार नसलेल्या वादक-गायकांसाठी राखलेली असते. साध्या रेडिओवर गाणे वाजले तर तिथे त्यांना काहीच मिळत नाही. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने मुद्रणांच्या संरक्षणाची मुदत ५० वरून ७० वर्षे केली. त्याबरोबर एक चांगली तरतूद आली. ज्यांनी एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडले, अशा वादकांसाठी निर्मात्याने वाढीव काळातील संबंधित उत्पन्नाचे २० टक्के बाजूला काढायचे. तरतूद योग्य आहे, पण ती पन्नास वर्षांनंतर लागू होते. पंचविसाव्या वर्षी वाजवलेल्या सुरांचा हा हिस्सा पंच्याहत्तरीत मिळू लागतो.

काम मिळण्याची रीत. काम जाहिरातीतून क्वचितच मिळते. निर्माते, संयोजक आणि वादक जमवून देणारे कंत्राटदार एकमेकांना विचारतात, आणि त्याहून जास्त वेळा ड्रमवादक आपल्या ओळखीच्या बेसवादकाचे नाव सुचवतो. लंडनच्या नाट्यगृहांत बदली वादकांची रूढ व्यवस्था आहे. नेमलेला वादक स्वतः आपला बदली शोधतो. बदली वादक आधी एकदा शेजारी बसून प्रयोग पाहतो, कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा समजून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तालमीशिवाय वाजवतो. वादक बदलला आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये, हीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

यंत्रे आणि घरचा स्टुडिओ. रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र १९८१ च्या सुमारास आले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ द्यावी हा त्याचा उद्देश. त्या कामात ते सपशेल फसले, १९८४ मध्ये उत्पादन थांबले आणि मग नृत्यसंगीतवाल्यांनी त्याला भलत्याच कारणासाठी डोक्यावर घेतले. सिंथेसायझर आणि नमुना-ध्वनींनी (खऱ्या वाद्याचे साठवलेले सूर) मात्र खरेच बरेच काम हिरावले, विशेषतः जाहिराती व दूरचित्रवाणीचे.

आता मोठा हिस्सा दूरस्थ कामाचा आहे. निर्माता गाण्याचा कच्चा आराखडा, गती आणि सॅम्पल रेट (डिजिटल मुद्रणाचे एक मोजमाप) कळवतो. बेसवादक घरीच मुद्रण करून गाण्याच्या शून्य क्षणापासून सुरू होणारी फाइल परत पाठवतो. अशी फाइल कुठेही ठेवली तरी जागेवर बसते. सोबत थेट जोडणीचा, कोणताही परिणाम न चढवलेला आवाज वेगळा देतात, म्हणजे पलीकडच्याला तो हवा तसा घडवता येतो. यात वेळ वाचतो, पण ड्रमवादकाची मान हललेली दिसत नाही आणि ‘जरा आळसावलेले हवे’ हे वाक्य दोन दिवसांनी ईमेलवर येते. म्हणून किती वेळा फेरबदल करून द्यायचे हे मानधनाबरोबरच ठरवून घेतात.

श्रेयाचा प्रश्न इथे नव्या रूपात उभा राहतो. स्ट्रीमिंग सेवांवर वादकांची नावे दिसतात ती कुणी भरली तरच. शिवाय मुद्रणाच्या वेळी गाण्याला असलेले कामचलाऊ नाव प्रकाशित होईपर्यंत बहुधा बदललेले असते. त्यामुळे जाणते वादक प्रत्येक कामाची तारीख, दोन्ही नावे, निर्माता, स्टुडिओ आणि कराराची प्रत असलेली वही ठेवतात. शेजारहक्क गोळा करणारी संस्था दावा तपासताना याच गोष्टी मागते.